डेल्मर हाउगनची फुकटातली शिकार

वॉस गावात कुणी देवाघरी गेलं, की पहिली बातमी पाद्रीबाबांना कळते आणि दुसरी डेल्मर हाउगनला. पाद्रीबाबा प्रवचन शोधायला बसतात, डेल्मर गाडीत एक रिकामं खोकं टाकतो. माणूस कुठल्याही थराचा असो, जन्मभर भांडलेला असो की उसनं नेलेलं फावडं परत न केलेला असो, डेल्मर त्याच्या अंत्यविधीला हजर असतो. काळा कोट, खाली मान, मागचा बाक. नवखा पाहुणा म्हणेल, काय हो माया या माणसाच्या पोटात!

माया आहेच. फक्त ती चर्चच्या तळघरात असते. मयताचं जेवण तिथे होतं. हॅमचे सँडविच, बटाटा आणि खिम्याचा भाजलेला थर, हिरवी जेली, आणि तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. लांबच लांब टेबलं, आणि त्यांच्यावर गुंडाळीतून फाडलेलं पांढरंशुभ्र प्लास्टिकचं कापड. जेवणं आटोपली की बायका ते चारी कोपऱ्यांनी उचलून कचऱ्यात टाकायला निघतात. नेमका तेव्हा डेल्मर पुढे होतो. "राहू द्या, मी टाकतो." इतका कामसू पुरुष तळघराने दुसरा पाहिलेला नाही. तो टाकतो, पण आपल्या खोक्यात. घरी नेऊन अंगणात नळीखाली धुतो, दोरीवर वाळवतो, हात-दीड हाताचे चौकोन कापतो आणि प्रत्येक चौकोन एका लाकडी पट्टीला ठोकतो. मार्चमध्ये मक्याच्या धसकटांत त्या पट्ट्या रोवल्या की वारा कापडात शिरतो. कापडं फुगतात, डुलतात, खाली बसतात, पुन्हा उठतात. लांबून पाहिलं, बऱ्याच लांबून, आणि पाहणाऱ्याची नजर थोडी अधू असली, की हिमहंसांचा थवा चरताना दिसतो.

गावाला हे ठाऊक आहे. गावाला सगळंच ठाऊक असतं. ओल्सनची म्हातारी फार लोकप्रिय होती, तिच्या मयताला टेबलं पुरली नाहीत. आज डेल्मरच्या थव्यात निम्मे हंस तिचेच आहेत. कॉफीच्या अड्ड्यावर म्हातारे त्याला छेडतात.

"डेल्मर, मी गेलो की मला पुढच्या रांगेत लाव बरं का. वारा मिळेल अशा जागी."

"तुमच्या पाहुण्यांना कॉफी सांडू नका म्हणावं," डेल्मर शांतपणे सांगतो. "डाग पडलेला हंस मागे जातो."

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो अशी ख्याती आहे. डेल्मरची सगळी भिस्त या गोष्टीवर, की हंसाला आपले भाऊबंद आणि टेबलावरचं कापड वेगळं करता येऊ नये.

आणि ते येतात. मार्चचा बर्फ शेतांच्या खोलगट भागात वितळायला लागतो, काळी माती जागोजाग उघडी पडते, आणि एका सकाळी दक्षिणेच्या क्षितिजावर धुरासारखी रेघ उठते. रेघ जवळ येते तसा आवाज येतो. आधी दूरच्या बाजारासारखा, मग जत्रेसारखा, मग डोक्यावर आभाळच भांडायला उठल्यासारखा. पांढरे, हजारो, पंखांची टोकं शाईत बुडवून काढल्यासारखी काळी. ते गोल फिरत खाली येतात तेव्हा उन्हात कधी चमकतात, कधी नाहीसे होतात. ज्याने हे पाहिलं नाही त्याने आभाळाला रिकामं म्हणू नये. डेल्मर धान्याच्या गोदामात वर्षभर ट्रक तोलतो. कुणाच्या ट्रकमध्ये किती माती आहे हे त्याला डोळ्यांनी कळतं आणि तो कुणाला बोलत नाही. पण पहिली रेघ दिसली की तो काटा सोडून बाहेर येतो, टोपी काढतो आणि तोंड उघडं टाकून उभा राहतो. मागे ट्रकवाले भोंगे वाजवतात, वाजवू देत.

वसंतातल्या या शिकारीला सरकारचीच फूस आहे. हंस इतके वाढलेत की उत्तरेकडची त्यांची विणीची कुरणं ते मुळासकट खातात, म्हणून सरकार म्हणतं, मारा, हवे तितके मारा. शहरी शिकारी तेव्हा ट्रेलर भरभरून नकली हंस आणतात. रबरी, फिरत्या पंखांचे, खऱ्या हंसांनाही न्यूनगंड यावा असे. डेल्मरकडे मयताची कापडं आहेत. अंगात रंगाऱ्याचा पांढरा डगला आहे, त्याच्या पाठीवर अजून कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पिवळा रंग आहे. हंसांचे आवाज काढायला शाळेच्या मैदानावरून काढून टाकलेला कर्णा आणि मोडीतल्या ट्रॅक्टरची बॅटरी. आवाज त्याने स्वतः टेपवर घेतले, गावातल्या मेल्विन नायगार्डच्या शेतातल्या पाणथळीशी बसून. मेल्विन शेजारीच होता, त्यामुळे हंसांच्या कलकलाटात मधूनमधून मेल्विन खोकतो. हंसांची काही तक्रार नाही.

पण हा सगळा बारदाना ज्याच्यावर उभा होता ती गोष्ट कापड नव्हे, कर्णाही नव्हे. ती गोष्ट होती नायगार्डांचं शेत. गावाच्या पूर्वेला मक्याचं रान, मधोमध बशीसारखा उतार, आणि बशीत वितळलेल्या बर्फाचं उथळ पाणी. आमच्या खोऱ्यातून उत्तरेला जाणारा प्रत्येक थवा तिथे एकदा तरी टेकतो. तुमच्याकडे ते शेत असेल तर हंस गंजक्या डब्यांवरही उतरतील. नसेल तर रबरी हंसांचं सैन्य घेऊन बसा आणि कावळे मोजा. गरीब शिकाऱ्याला शेत भाड्याने घेता येत नाही. त्याला ते मिळतं शेजारधर्माने. आणि शेजारधर्म पाळायची वॉस गावाची एक रीत आहे.

ती रीत अशी. थवे येण्याआधीच्या रविवारी दुपारी डेल्मर नायगार्डांकडे जायचा. हातात आदल्या वर्षीच्या हंसांचं सॉसेज. मेल्विनची बायको आर्लिस कॉफी विचारायची. डेल्मर म्हणायचा, "नको नको, त्रास कशाला." ती पुन्हा विचारायची. "आत्ताच घेऊन आलो." ती तिसऱ्यांदा विचारायची. "बरं, अर्धा कप, तुम्ही घेताच आहात तर." मग चार कप व्हायचे. हवामान, ट्रॅक्टर, कुणाची गुडघेदुखी, पुन्हा हवामान. उठताना डेल्मर खिडकीबाहेर बघत मेल्विनला म्हणायचा, "हंस येणार आता." मेल्विन म्हणायचा, "येणारच." झालं. परवानगी मागितली गेली आणि दिली गेली. सरळ विचारणं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची पाळी आणणं, आणि आमच्याकडे माणूस पाय मोडून घेईल पण शेजाऱ्यावर ही पाळी आणणार नाही.

मागच्या शरद ऋतूत मेल्विन गेला. डेल्मर अंत्यविधीला खरोखर रडला. कापडं मात्र नेली.

या वर्षी तो रविवारी सॉसेज घेऊन गेला तेव्हा घरात आर्लिस एकटीच होती. डेल्मर लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत तिच्या हाताखाली शिकला, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी तो तिला बाईच म्हणतो. दोनदा नको, तिसऱ्यांदा अर्धा कप, सगळं रीतसर झालं. उठताना त्याने खिडकीकडे पाहिलं, मग सवयीने मेल्विनच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि खुर्चीला सांगितलं, "हंस येणार आता."

आर्लिसने कप उचलले. "आभाळ मोकळं आहे," ती म्हणाली. "ज्याला यायचंय तो येईल."

डेल्मर समाधानाने घरी आला. नेहमीपेक्षा उत्तर जरा लांबलं होतं, पण बाई शिकलेल्या, त्या लांबवणारच.

बुधवारी गोदामात त्याचा मेहुणा ड्वेन धापा टाकत आला. ड्वेन पोटाने मोठा आणि बातम्यांना हलका.

"डेल्मर, तू नायगार्डांच्या शेतात ट्रेलर लावलायस का?"

"माझ्याकडे ट्रेलर कुठाय?"

"मग दुसऱ्या कुणीतरी लावलाय. दोन. आणि चार माणसं नकली हंस मांडतायत. गड्या, काय हंस आहेत! मी एकाला नमस्कार केला."

डेल्मरने काटा बंद केला. मधे उभा असलेला ट्रक तसाच अधांतरी राहिला. तो सरळ नायगार्डांकडे गेला, म्हणजे गाडी सरळ गेली. स्वतः तो ओट्यावर उभा राहून चिखलाविषयी बोलू लागला.

"रस्ता फार खराब झालाय, बाई."

"मार्च आहे."

"जड गाड्या गेल्या की चाकोऱ्या पडतात."

"पडतात."

"ट्रेलर वगैरे."

आर्लिसने दार पूर्ण उघडलं आणि हाताची घडी घातली. "तुला त्या ट्रेंट केसलरबद्दल बोलायचंय का?"

"मी कुठे काय म्हणालो."

"तेच तर! तू कधीच काही म्हणत नाहीस." तिचा आवाज चढला नाही. आमच्याकडे आवाज चढत नाही, धारदार होतो. "तो मुलगा शहरातून आला, बेल वाजवली, टोपी काढली आणि विचारलं, मॅडम, हे शेत आपलं ना? मला इथे शिकार करायची आहे, परवानगी द्याल का? मी हो म्हटलं."

"पैसे देतोय का?"

"काढले होते. मी एकदा नको म्हटलं, तर बरं म्हणाला आणि पाकीट परत खिशात. दुसऱ्यांदा विचारलंच नाही." हे मात्र तिला लागलेलं दिसलं. "आईबापांनी काही शिकवलंच नाही त्याला."

डेल्मरला वाटलं, आता वारं आपल्या बाजूने फिरलं. "पण बाई, मी रविवारी आलो होतो की."

"आलास, आणि खुर्चीशी बोललास."

डेल्मरने बुटाचा चिखल पायरीला पुसला.

"ते शेत कुणाचं आहे, डेल्मर?"

"नायगार्डांचं."

"माझ्या वडिलांचं. लग्नात मेल्विन ट्रॅक्टर घेऊन आला आणि मी जमीन. इतकी वर्षं तू माझी कॉफी पितोस, आणि माझ्या जमिनीविषयी माझ्या डोक्यावरून मेल्विनला खबर देतोस. तो बिचारा येणारच म्हणायचा, मी भांडी घासायचे. आता मेल्विन नाही तर तुला खुर्ची पुरते. त्या परक्या पोराने मला विचारलं. मला! पहिल्यांदा कुणीतरी विचारलं म्हणून मी हो म्हटलं. डुकरं बांधायला मागितली असती तरी दिली असती."

दार बंद झालं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी लव्हॉनने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि बटाटे सोलत राहिली.

"मग विचार ना जाऊन."

"असं कसं विचारायचं?"

"तोंडाने. बाकीचे लोक तोंडाने विचारतात."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही. मरतोस की काय? मेलास तरी तुझ्या मयताची कापडं मी कुणाला देणार, सगळी मलाच ठोकावी लागतील." सुरी थांबली. "मला लग्नाचं तू काय विचारलं होतंस आठवतं? 'पुढच्या वर्षी मोठं घर बघावं लागेल बहुतेक.' मी महिनाभर समजत होते की तुझ्या आईला जागा पुरत नाही."

डेल्मर अंगणात गेला. दोरीवर मेल्विनच्या मयताच्या जेवणाची कापडं, हंगामासाठी आता धुतलेली, वाळत होती. पूर्वेला नायगार्डांच्या रानावर थवा फिरत होता, फिरत होता, आणि खाली उतरत नव्हता. शेत गेलं तर त्याच्याजवळ काय राहणार होतं? वर्षभर ट्रक, आणि मार्चमध्ये दुसऱ्यांचे ट्रक. रस्त्याकडेला उभं राहून आपल्या हंसांना दुसऱ्याच्या रानात उतरताना बघायचं, हे त्याला जमणार नव्हतं. मरण परवडलं, निदान जेवण तरी होतं.

गुरुवारी दुपारी तो पुन्हा त्या ओट्यावर उभा होता. बेल वाजवली. या घराला बेल आहे हे त्याला कालच कळलं होतं. आर्लिस आली. त्याने टोपी काढली. घसा साफ केला. थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाई, ते शेत तुमचं आहे."

"आहे."

"मला तिथे हंसांची शिकार करायची आहे. करू का?"

बोलून झाल्यावर तो इतका दमला की कठड्याला टेकला. आर्लिसने त्याच्याकडे पाहिलं, मग रानाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली वस्तू माणूस जशी सावकाश वापरतो तसं म्हणाली, "नाही."

डेल्मरने मान हलवली. टोपी घातली. उलटी.

"रविवारपर्यंत नाही," ती म्हणाली. "तोवर त्या पोराला शब्द दिलाय. सोमवारी ये आणि विचार."

"पुन्हा?"

"पुन्हा."

केसलरच्या त्या शिकारीची कथा वॉसमध्ये आवडीने सांगतात. रबरी हंस इतके देखणे होते की गावातली दोन कुत्री त्यांच्यावर धावून गेली. पाहुणे परगावचे, हातातल्या बंदुका नव्या, थर्मासमध्ये सूप. पण आघाडीचे थवे म्हणजे जुनी खोडं. कितीएक हिवाळे पाहिलेले, दर वसंतात तेच रबर ओलांडून गेलेले. ते उंचावरून गोल फिरायचे, खालच्या मांडणीवर आपापसात खमंग चर्चा करायचे आणि पुढे जायचे. पाहुण्यांनी आभाळाला पुष्कळ छर्रे पाजले. आभाळ तसंच राहिलं. रविवारी संध्याकाळी ट्रेलर चिखलात रुतला, तो ड्वेनने ट्रॅक्टरने ओढून काढला. केसलरने पैसे पुढे केले, ड्वेन नको म्हणाला, केसलरने पाकीट खिशात ठेवलं. ड्वेन अजून त्या रस्त्याकडे बघतो.

सोमवारी उजाडायच्या आत डेल्मरने विचारलं. आर्लिस म्हणाली, "हो. आजच्यापुरतं."

पहाट फुटताना तो आणि ड्वेन धसकटांत उताणे पडले होते, भोवती गावातले सगळे दिवंगत वाऱ्यावर डुलत होते. आता मागून येणारे थवे होते, गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं, अंगाने राखाडी, अकलेने कोवळी, आईबाप पुढे गेलेले. ती कापडांवर अशी उतरली जशी पोरं लग्नाच्या पंगतीवर. ड्वेनच्या बंदुकीत आदल्या वर्षीची स्वस्तातली काडतुसं होती, त्यांतली काही उडाली, काही विचार करत बसली. तरी दोघांना उचलवणार नाहीत इतके पडले.

डेल्मरने दोन सोलून, साफ करून आर्लिसला नेऊन दिले. तिने कॉफी विचारली. तो म्हणाला, "हो, घेईन." ती दचकली.

मंगळवारी त्याने विचारलं, तिने हो म्हटलं. बुधवारी विचारलं, हो म्हटलं. डेल्मर चेकाळला. आपल्याला विचारण्याची कला आली असं त्याला वाटू लागलं. घरी त्याने लव्हॉनला सरळ विचारलं की बटाट्यांऐवजी दुसरं काही होईल का. सरळ उत्तर मिळालं.

गुरुवारी वाऱ्याने दिशा बदलली, दक्षिणेकडून उबदार सुटला. असा वारा म्हणजे उरलेसुरले सगळे एका दिवसात येणार आणि एका दिवसात जाणार. डेल्मर संध्याकाळीच ओट्यावर गेला, टोपी हातात, शब्द तयार.

"बाई, उद्या येऊ ना शेतात?"

"नाही," आर्लिस म्हणाली.

"उद्याच तर खरा दिवस आहे, बाई! वारा बघा!"

"बघितलाय. म्हणूनच. उद्या मी जाणार आहे. खुर्ची घेऊन. इतकी वर्षं मी ते हंस स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेत, आणि तेही बंदुका वाजल्यावर, उडून जाताना."

"एकट्याच?"

"का? तुला विचारायला हवं होतं?"

शुक्रवारी डेल्मर कामावर गेला नाही. गाडी घेऊन नायगार्डांच्या रानाच्या कडेच्या रस्त्यावर गेला आणि इंजिन बंद केलं. बंदूक आणली नव्हती, फक्त काच खाली केली. पाण्यापासून थोड्या अंतरावर धसकटांत घडीची खुर्ची होती. तीत आर्लिस बसली होती, पाय रबरी बुटांत, अंगात पांढरट जुना कोट, हात मांडीवर. भोवती एक कापड नाही, एक कर्णा नाही. दक्षिणेकडून रेघ उठली, रेघेचा धूर झाला, धुराचं आभाळ झालं, आणि ते सगळं आभाळ कलकलत, चमकत, गोल फिरत पाण्याच्या पलीकडच्या काठावर उतरू लागलं. एक थवा, त्यावर दुसरा, मग काठ दिसेना, पाणी दिसेना. इतके हंस डेल्मरने त्या रानात कधी पाहिले नव्हते, आणि इतके खाली तर एकदाही नाही.

"देवा रे," डेल्मर म्हणाला. मग एक शिवी दिली, चर्चमध्ये न चालणारी. मग टोपी काढली.

बाईंनी मान वर केली होती. त्या हलल्या नाहीत.